कोयरीचा बाक

"...आणि हा बाक आला कुठून?"

"जनुकातून."

हेमांगीनं हे उत्तर आपलं नाव सांगावं तितक्या सहज दिलं. तीन वर्षं ती हेच उत्तर देत आली होती.

हसनचाचा शिकलगारांनी फोटो सरळ धरला, मग आडवा धरला, मग उलटा. फोटोत माशाचं एका दिवसाचं पिल्लू होतं, अजून पुरता मासाही न झालेलं, मोहरीच्या दाण्याएवढं. अंग काचेसारखं, आत हिरवी चमक. शेपूट मात्र पोटाकडे वळलेली, पैठणीच्या पदरावर कोयरी असते तशी.

"सगळ्यांची वळते?"

"ते जनुक बंद केलं की सगळ्यांची. छप्पन्नपैकी छप्पन्न."

"आणि ज्यांचं बंद केलं नाही?"

"ती साधी. त्यांची सरळ."

चाचांनी फोटो परत दिला आणि चष्मा पुसायला घेतला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

डॉ. हेमांगी दळवी हे काही लहान नाव नव्हतं. त्या जनुकाला 'कोयरी' म्हणायचं हे तिनंच ठरवलं, आणि ते नाव तिच्या आधी सगळीकडे जाऊन पोचलं. माणसाच्या कण्याला बाक का येतो याचा धागा या माशात सापडला, असं संस्थेनं पत्रक काढलं होतं. सात वर्तमानपत्रांनी ते पत्रक काना-मात्रा न बदलता छापलं. सातांपैकी एकाही बातमीदारानं तोंड उघडून काही विचारलं नाही. चहा होता, सामोसे होते, छापील कागद हातात होता. त्यात प्रश्नाची अडचण कशाला.

आता सोमवारी निवड समिती बसणार होती. संस्थेत नवं केंद्र उघडायचं होतं आणि त्याच्या प्रमुखपदासाठी दोनच नावं उरली होती. समितीनं तिचे फोटो पाहिले होते. त्यांना फिल्म हवी होती, शेपूट वळताना डोळ्यांसमोर दिसेल अशी. आणि नेमका याच आठवड्यात संस्थेतला तो अवाढव्य परदेशी सूक्ष्मदर्शक बंद पडला. दुरुस्तीचा माणूस यायचा तो पुढच्या महिन्यात.

म्हणून ती सकाळी सातलाच पीराच्या टेकडीखाली, चाचांच्या पत्र्याच्या शेडमध्ये हजर झाली होती. खांद्याला थर्मास. थर्मासात पिल्लं.

चाचांचे वाडवडील तलवारींना धार लावत, तलवारी गेल्यावर विळ्यांना आणि कात्र्यांना. चाचांनी भिंगं घासली. संस्थेत बत्तीस वर्षं नोकरी केली. हुद्दा शेवटपर्यंत 'मदतनीस'. ते परदेशी यंत्र आलं तेव्हा खोक्यांतून काढून त्याचे आरसे आणि भिंगं जुळवली ती यांनीच. उद्घाटनाला मंत्री आले, फीत कापली, सनई वाजली, आणि ज्यानं यंत्र जुळवलं त्याला मागच्या रांगेतही खुर्ची नव्हती. हेमांगीच्या गाजलेल्या शोधनिबंधावर अकरा नावं होती. त्यात शिकलगार नव्हतं.

याबद्दल चाचा कधी बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर धार लावायच्या जुन्या चाकाशेजारी त्यांनी स्वतःचं यंत्र उभं केलं. टाकाऊ आरसे, घासलेली भिंगं, एक निळ्या उजेडाची नळी. संस्थेतले लोक हसले. यंत्र चाललं तेव्हा हसणं थांबलं, पण बघायला कुणी आलं नाही.

नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात उजेड आणि डोळा एकाच वाटेनं जातात. सगळं अंग एकदम उजळतं. वरचं खालच्यात मिसळतं, आणि इतक्या उजेडानं कोवळा जीव भाजूनही निघतो. इथे निळा उजेड बाजूनं यायचा, चपटा, कागदाहून कितीतरी पातळ. पिल्लाच्या अंगातून तो जिथून जाई तेवढाच पापुद्रा हिरवा पेटे. बाकी सगळा अंधार. डोळा समोर, काटकोनात बसलेला. तो एकेक पापुद्रा टिपून घेई. न कापता आतलं दिसे.

संस्थेत याला 'लाइट-शीट' म्हणत. चाचा 'पातं' म्हणत.

"पिल्लं कशात बसवता?" चाचांनी विचारलं.

असा प्रश्न तिला याआधी कुणी विचारला नव्हता. तिनं जरा घाईनंच सांगितलं, की नेहमीसारखंच, समुद्रशेवाळाच्या जेलीत. कोमट असताना पातळ असते, तेव्हा पिल्लू तिच्यासकट काचेच्या बारीक नळीत ओढून घ्यायचं. जेली आळली की पिल्लू जागच्या जागी राहतं. मग नळी पात्यासमोर पाण्यात टांगायची. हे चाचांना ठाऊक असताना विचारता कशाला, असा सूर त्यात होता.

"दोघांना एकच जेली?"

ती थांबली. जनुक बंद केलेली कोयरी पिल्लं फार वळवळतात, म्हणाली. म्हणून त्यांची जेली जरा घट्ट. साधी पिल्लं शांत असतात, त्यांना पातळ पुरते.

"जरा म्हणजे?"

"दुप्पट." मग तिनं घाईनं जोडलं, "चित्र हललं की वाया जातं, चाचा. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय."

पत्र्यावर कबुतरांची पावलं वाजत होती. टेकडीवरून ऊद जळल्याचा वास खाली उतरला, शेडमध्ये फिरला, गेला...

"यांना नजर लागलीय, डॉक्टरबाई."

हेमांगीचा चेहरा लाल झाला. कॉलेजात असताना ती बुवाबाजीच्या विरोधात चौकाचौकात पथनाट्यं करत हिंडली होती. लिंबू-मिरची टांगलेल्या रिक्षातून ती आजही उतरून जाई. आणि ज्या माणसाकडून ती आरसा जुळवायला शिकली, तो तिला नजर सांगत होता. तिनं स्पष्ट सांगितलं, की हा शब्द माझ्या कामाच्या जवळपासही नको.

"बरं."

"आणि लागली असेलच, तर कुणाची लागली तेही सांगा."

चाचांनी चष्मा चढवला आणि तिच्याकडे पाहिलं. मग उठून स्टो पेटवला.

चहा झाल्यावर त्यांनी एक अट घातली. पिल्लं तिनंच भरायची, नळ्यांवर चिठ्ठ्या तिनंच लावायच्या. जेली मात्र त्यांच्या हातची. यंत्र त्यांचं होतं. सोमवार तिचा होता. ती कबूल झाली.

चाचांनी कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन वाट्या आणून ठेवल्या. दोन्हींत जेली अजून पाण्यासारखी पातळ, नितळ. दिसायला जुळ्या.

"डावीकडची कोयरीला. उजवीकडची साध्याला."

म्हाताऱ्याचं सोवळं, असं म्हणून ती मनात हसली. तिनं थर्मास उघडला, एक कोयरी पिल्लू डाव्या वाटीत सोडलं, एक साधं उजव्या. नळ्या भरल्या. जेली आळू दिली. दोन चिठ्ठ्या लिहिल्या, एकीवर 'को', एकीवर 'सा', आणि नळ्यांच्या वरच्या टोकाला चिकटवल्या, पाण्याच्या वर, जिथे पातं पोचत नाही.

मग चाचांनी दाराचा काळा पडदा सोडला. सकाळचे आठ वाजले होते आणि शेडमध्ये काळोख झाला. त्या काळोखातच त्यांनी दोन्ही नळ्या यंत्रात टांगल्या.

*

आधी काहीच नव्हतं.

मग निळी रेघ. काळोखात कुणी नखानं ओरखडा काढावा तेवढी. तिच्या जवळ जावं तर ती नाहीशी होई, बाजूनं पाहावं तर दिसे.

मग पडद्यावर दोन चौकटी उघडल्या, आणि दोन्हींत खोल कुठेतरी हिरवं उगवलं.

यातली कोयरी कुठली, तिनं विचारलं. चाचा म्हणाले, तुम्ही ओळखालच. दर दोन मिनिटांनी यंत्र कुरकुरे, एक नळी खाली येई, पातं तिच्यातून हलकेच सरके, ती वर जाई, दुसरी येई.

हेमांगीनं अशी पिल्लं शेकड्यांनी पाहिली होती. पण संस्थेत ती यंत्र सुरू करून निघून जाई आणि संध्याकाळी आकडे घ्यायला येई. आज जायला जागा नव्हती. बाहेर टेकडी, आत काळोख. ती बसून राहिली.

पातं कातडीतून आत शिरे तेव्हा हिरव्या ठिणग्यांची रांगोळी दिसे. आणखी आत, कण्याची दोरी. तिच्या दोन्ही बाजूंना स्नायूंचे बाण, एकामागे एक, सगळे डोक्याकडे तोंड करून. आणखी आत काहीच नाही, एक स्वच्छ पोकळी. मग पलीकडची भिंत, आणि पुन्हा पाणी. एका दमात पिल्लाच्या अंगातून आरपार जाऊन यावं आणि त्याला कळूही नये... तिला लहानपणी विहिरीत तळाशी बसून वर पाहिलेला उजेड आठवला. तेव्हाही असाच आवाज गेला होता जगाचा.

किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. केव्हातरी हातात डबा आला, पिठलं-भाकरीचा. तिनं अंधारातच खाल्लं. बोटांना लागलेला लसणाचा वास तेवढा खरा वाटत होता. बाकी सगळं हिरवं होतं आणि तरंगत होतं.

दुपारी केव्हातरी उजव्या चौकटीतल्या पिल्लाच्या छातीत एक शहारा आला. थांबला. तिनं श्वास धरला. पुन्हा आला. मग पुन्हा... मग तो थांबेचना. थोड्या वेळानं डाव्या चौकटीतही तसंच झालं.

दोन काळजं सुरू झाली होती. तिच्यासमोर, त्याच दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये.

"चाचा," ती म्हणाली.

"हं."

ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली.

दुपार कलली. डावीकडचं पिल्लू आता पोटापासून सुटलं होतं. त्याची शेपूट उलगडत होती, नेच्याचं कोवळं पान उलगडतं तशी, घाई न करता. मधेच ते झटका देई, क्षणभर चित्र विस्कटे, आणि पुन्हा जुळे. उजवीकडचं पिल्लूही उलगडू पाहत होतं. शेपूट लांबे, टोक कशाला तरी टेके, थांबे. पुन्हा लांबे. पुढे वाट नव्हती म्हणून ते आत वळलं. हळूहळू, फार सुंदर, पोटाकडे...

हेमांगी खुर्चीच्या कडेवर आली.

"हीच. ही माझी कोयरी."

तिनं बोट पडद्याला टेकवलं. गेली तीन वर्षं तिनं फक्त शेवट पाहिला होता, आज वळताना पाहत होती. इतकी स्वच्छ फिल्म संस्थेच्या यंत्रानंही कधी दिली नव्हती. समितीला आणखी काही दाखवायची गरज नाही, ती म्हणाली, आणि यंत्र कुणाचं होतं तेही मी सांगेन. हे शेवटचं ती मनापासून म्हणाली.

"नळी काढून बघा," चाचा म्हणाले.

तिनं उजव्या चौकटीची नळी वर घेतली आणि दाराशी जाऊन काळा पडदा सारला. पाचचं ऊन एकदम आत आलं. डोळे मिटले, उघडले. चिठ्ठी वाचली.

'सा'.

तिनं नळी फिरवली. पुन्हा वाचली.

चिठ्ठ्या बदलल्या गेल्या, ती म्हणाली. कुणीतरी बदलल्या, ती म्हणाली. शेडमध्ये कुणीतरी म्हणण्याजोगं तिसरं माणूस नव्हतं. भरताना माझाच घोटाळा झाला असेल, ती म्हणाली, आणि स्वतःच मान हलवली. तिचा असा घोटाळा कधी झाला नव्हता.

"अक्षर तुमचंच आहे," चाचा म्हणाले.

तिनं दुसरी नळी काढली. 'को'. आत तिची कोयरी होती, काडीसारखी सरळ, अधूनमधून शेपूट झटकत.

"उजव्या वाटीत कुठली जेली होती?"

"तुमची. दुप्पट घट्ट."

"आणि डावीकडे..."

"सरबत म्हणा."

ती उंबऱ्यावर खाली बसली. टेकडीच्या वाटेनं दोन बायका लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढे गेल्या.

एका पिल्लावरून काही सिद्ध होत नाही, हे तिनं सांगून पाहिलं. चाचांनी ते लगेच मान्य केलं. उद्या दहा भरा म्हणाले, परवा शंभर भरा, शेड उघडीच आहे. त्यांनी वाद घातला असता तर तिला बरं वाटलं असतं.

उद्याच्या दहांचं काय होणार ते तिला दिसत होतं. अकरा नावं होती तिच्या निबंधावर. निबंध तपासणारे तीन परदेशी प्राध्यापक होते. सात वर्तमानपत्रं होती. कशात बसवता, एवढं एकानं विचारलं असतं तर पुरलं असतं. अर्ध्या तासात ते विचारणारा माणूस बत्तीस वर्षं त्याच इमारतीत तळमजल्यावर बसलेला होता, आणि त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनंही नाही.

फोन वाजला. संचालक होते.

फिल्म झाली का, त्यांनी विचारलं.

झाली होती. यंत्रात ती तयार होती. शेपूट वळत होती, जगात कुणी पाहिली नसेल इतकी देखणी. आणि चिठ्ठी पाण्याच्या वर होती. फिल्ममध्ये ती कुठेच येत नव्हती.

हेमांगीनं चाचांकडे पाहिलं. चाचा पाठमोरे होते, वाट्या विसळत होते.

"झाली, सर..."

पलीकडून वा, वा असं आलं.

"सोमवारी दाखवते. पण कोयरी सरळ आहे, सर. वाकवली मी."

पलीकडून बराच वेळ बोलणं येत राहिलं. संस्थेची प्रतिष्ठा हे शब्द त्यात तीनदा आले. सोमवारपर्यंत थांबायला काय हरकत आहे, असंही आलं. निवड एकदा होऊन जाऊ दे, मग सावकाश काय ती दुरुस्ती छापू, असंही आलं. ती सगळं ऐकून घेत होती. शेवटी तिनं इतकंच सांगितलं, की निबंध मागे घ्यावा लागेल आणि पत्र मी आज लिहिते आहे. फोन तिनं उंबऱ्यावर पालथा ठेवला.

ऊन पत्र्यावरून उतरलं होतं. चाचा बाहेर येऊन तिच्या शेजारी बसले. शेडच्या आत निळी रेघ अजून जळत होती, कुणाकडेही न बघता.

"चाचा..."

"हं."

"आता माझ्या हातात काय उरलं?"

चाचांनी तिच्या हाताकडे पाहिलं. 'सा'ची नळी अजून तिच्या मुठीत होती. नखं पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

"जीव आहे, पोरी... बोटं सैल कर."